मोरियाच्या पोटात: आगबोट नेमकी चालायची कशी?

मराठी माणसाला जुन्या परदेशी बोटींची नावं विचारली तर दोन हमखास निघतात, टायटॅनिक आणि मोरिया. टायटॅनिकबद्दल लोक जिन्यापासून हिमनगापर्यंत सगळं सांगतात. मोरियाचं मात्र एक भोकच काय ते ठाऊक असतं. ८ जुलै १९१० च्या सकाळी मार्सेलिसच्या बंदरात विनायक दामोदर सावरकर ज्यातून बाहेर पडले, ते पोर्टहोल. आमच्या शाळेत बाईंनी हा प्रसंग शिकवताना फळ्यावर खडूने एक गोल काढला, त्याखाली समुद्र म्हणून नागमोडी रेघ ओढली आणि धडा सुरू केला. बोट काढायची राहूनच गेली.

ती बोट काढायचा हा प्रयत्न. उडीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे पुन्हा नको. त्या गोलामागे जे लोखंड होतं, वाफ होती, माणसं होती, त्यांच्याकडे बघू.

मोरिया १९०८ साली ग्लासगोच्या बार्कले कर्ल कंपनीने बांधली. मालकी पी अँड ओ कंपनीची, म्हणजे ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’ची. लांबी सुमारे ५४० फूट. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीचे सात डबे एकामागे एक लावले तर होईल तेवढी. तिचं माप सांगतात जवळजवळ ११ हजार टन, पण इथे एक गंमत आहे. हा टन वजनाचा नाही. जहाजाच्या आतली १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन, असा तो हिशेब. त्यामुळे ‘११ हजार टनी बोट’ ऐकून कोणी काट्यावर ठेवलेली बोट डोळ्यांपुढे आणू नये. ते तिचं क्षेत्रफळ म्हणा ना, फक्त तिन्ही बाजूंनी मोजलेलं. वर पहिल्या वर्गाचे साधारण चारशे आणि दुसऱ्या वर्गाचे दोनशे उतारू. तिसरा वर्ग नाही. मागे दोन पंखे, त्यांना फिरवणारी दोन स्वतंत्र इंजिनं.

अशा बोटीला ‘लायनर’ म्हणत. हा शब्द हल्ली ऐषारामाशी जोडला जातो, पण त्याचा अर्थ साधा आहे: ठरलेल्या ‘लाइन’वर, ठरलेल्या तारखेला चालणारी बोट. एसटी आणि टेम्पो यांच्यात जो फरक, तोच लायनर आणि ‘ट्रॅम्प’ बोटीत. टेम्पोवाला भाडं मिळेपर्यंत नाक्यावर उभा राहतो आणि भाडं जिकडचं मिळेल तिकडे जातो. एसटी वेळ झाली की निघते, मग आत चार डोकी असोत नाहीतर चाळीस. ट्रॅम्प बोटी जगाचा कोळसा, तांदूळ, गहू वाहत भटकत. लायनर वेळापत्रकावर पळत.

वेळापत्रक पाळायचा एवढा हट्ट कशासाठी? प्रवाशांसाठी नव्हे. टपालासाठी. पी अँड ओचा सगळा डोलारा ब्रिटिश सरकारच्या टपालाच्या ठेक्यावर उभा होता. लंडनहून निघालेली पत्रं इतक्या दिवसांत अमुक बंदरात पोचली पाहिजेत, नाही पोचली तर दंड. त्या ठेक्याची रक्कम हा कंपनीचा पक्का आधार. उतारू आणि माल ही त्यावरची कमाई. मार्सेलिस हा याच व्यवस्थेतला एक नेहमीचा थांबा होता. लंडनला बोटीत बसून बिस्केच्या खवळलेल्या उपसागरातून ओकाऱ्या काढत येण्यापेक्षा पैसेवाले लोक रेल्वेने फ्रान्स ओलांडत आणि आरामात मार्सेलिसला बोट पकडत. टपाल तर याहून घाईत. ते रेल्वेने थेट इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसीपर्यंत यायचं, तिथून ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ नावाच्या दोन लहान, चपळ बोटी ते सुएझ कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट सईदला आणून मोठ्या बोटीच्या हवाली करत.

आता एडन, तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाजवळचं बंदर. मोरिया मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरची बोट. मुंबईचे उतारू आणि टपाल एडनला उतरायचं, तिथे ताटकळत उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत चढायचं, आणि ती बोट सरळ मुंबई गाठायची. समुद्रातलं मनमाड जंक्शनच. या जोडबोटीचं नाव होतं ‘साल्सेट’. मार्सेलिसला पुन्हा पकडल्यानंतर सावरकरांना एडनला याच साल्सेटवर चढवलं गेलं आणि २२ जुलैला ते मुंबईत पोचले. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या उपनगरांचं बेट. ही बोट मोरियाच्या निम्मीच होती, पण २० नॉटने पळायची, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. खास एडन-मुंबई फेऱ्यांसाठीच ती बांधलेली. एडनचा कारभारही तेव्हा मुंबई इलाख्यातूनच चाले, ही गोष्ट आज कुणाच्या लक्षात नसते.

उसाचा चरक आणि वाफेचं इंजिन

मराठीत या बोटींना पहिल्यापासून ‘आगबोट’ म्हणतात. स्टीमर म्हणणाऱ्यांनी वाफ पाहिली, आपल्या लोकांनी आग पाहिली. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो, कारण बोटीतली सगळी यातायात होती ती आगीची. वाफ बिचारी फुकट यायची.

तत्त्व स्वयंपाकघरातलं आहे. पाणी उघड्यावर उकळलं की त्याची वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती मिळाली नाही की वाफ भांड्याला आतून ढकलू लागते. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा हा जोर दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड असतो. मोरियाच्या पिढीतल्या बोटींच्या बॉयलरमध्ये तो २०० पौंडांच्या आसपास असे. तेराचौदा कुकरांची ताकद एका कुकरात, आणि तो कुकर दुमजली घराएवढा. आडव्या पिंपासारखा हा बॉयलर. खालच्या अंगाला भट्ट्यांची तोंडं, आतून शेकडो नळ्या. भट्टीतला जाळ आणि धूर या नळ्यांतून जातो, नळ्यांच्या भोवती पाणी असतं, ते तापतं, आणि धूर धुराड्यातून वर निघून जातो.

मग ही वाफ इंजिनात येते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्या वरखाली होतो, त्याला जोडलेला दांडा फिरतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा. इथवर सोपं आहे. खरी हुशारी पुढे आहे.

रसवंतीवाला ऊस चरकातून एकदाच काढतो का? नाही. एकदा काढला की दुमडून पुन्हा घालतो, मग आल्या-लिंबाचा तुकडा खुपसून आणखी एकदा. दर खेपेला रस निघतोच, कमी कमी होत का होईना. सुरुवातीच्या आगबोटींना हे जमत नव्हतं. दट्ट्याला एकदा ढकलून झालं की वाफ वाया, अजून कितीतरी जोर अंगात असताना. १८६० च्या दशकात आल्फ्रेड होल्ट नावाच्या लिव्हरपूलच्या इंजिनिअर-मालकाने एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरात पुन्हा वापरणारी इंजिनं लांब पल्ल्याच्या बोटींत बसवून दाखवली. त्याच्या बोटी इंग्लंडहून मॉरिशसपर्यंतचे साडेआठ हजार मैल मध्ये कोळसा न भरता गेल्या. १८८० च्या दशकात तीन सिलिंडरांची मालिका आली, पुढे चारांची. मोरियात चार टप्प्यांचं इंजिन होतं. पहिलं सिलिंडर लहान, कारण तिथे वाफ दाटलेली. शेवटचं अवाढव्य, कारण तोपर्यंत वाफ पसरून पसरून मलूल झालेली असते आणि तिच्याकडून तेवढंच काम काढून घ्यायला मोठा दट्ट्या लागतो.

एवढं झाल्यावरही वाफ सोडून देत नसत. ती समुद्राच्या थंड पाण्याने गार केलेल्या कंडेन्सरमध्ये जाऊन पुन्हा पाणी होई आणि तेच पाणी परत बॉयलरमध्ये. चहूकडे समुद्र असताना ही काटकसर कशासाठी, असं वाटेल. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो आठवा. खारं पाणी उकळत ठेवलं तर बॉयलरच्या नळ्यांवर मिठाचा असा थर चढतो की उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, नळी तापून लाल होते आणि फाटते. म्हणून बॉयलरला गोडंच पाणी हवं. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची किंमत कळलेले दोघेच, एक तहानलेला माणूस आणि दुसरा बॉयलर.

या सगळ्या सुधारणांचं फलित एका आकड्यात सांगता येतं. १८४० च्या सुमाराच्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला चार-पाच पौंड कोळसा लागे. मोरियाच्या काळात तो दीड पौंडावर आला होता. जुन्या बोटीत जो कोळसा पोटभर भरावा लागे, त्याची जागा आता मालाला मिळाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि लंडन-मुंबई अंतर जवळपास साडेचार हजार सागरी मैलांनी घटलं, हे आपण शाळेत शिकतो. पण कालव्यातून शिडाची जहाजं जाऊ शकत नव्हती असं नाही. कालव्यात ती ओढून न्यावी लागत, आणि त्यापुढे तांबड्या समुद्रातले उलटसुलट वारे त्यांना रडवत. काटकसरी इंजिन आणि कालवा, या दोन गोष्टी एका पाठोपाठ एक आल्या म्हणून शिडांची पूर्वेकडची सद्दी संपली.

तरी दीड पौंड म्हणजे थोडा नव्हे. समजा बोटीला १० हजार अश्वशक्ती लागते. तासाला १५ हजार पौंड, म्हणजे पावणेसात टन. दिवसाला १६० टन. दहाटनी ट्रक धरले तर रोज सोळा ट्रक कोळसा. आणि हा सगळा माणसांनी, फावड्याने, भट्टीत टाकायचा.

आगवाला, कोयलेवाला, तेलवाला

भट्टीपुढे उभा राहून कोळसा टाकणारा तो आगवाला. कोठीतून हातगाडीने कोळसा त्याच्यापर्यंत आणणारा कोयलेवाला. इंजिनाला तेल देणारा तेलवाला. हे शब्द मी बनवलेले नाहीत. ब्रिटिश बोटींच्या हजेरीपटावर इंग्रजी अक्षरांत हेच लिहिलेलं असे. त्यांच्यावर टिंडेल, त्याच्यावर सारंग. कोठाराचा हिशेब ठेवणारा कसाब, खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी, सुकाणूवर सुकाणी, झाडूवाला टोपाज. अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्तानी, सगळ्यांची खिचडी झालेली ही बोली. कोकणात सारंग आणि तांडेल ही आडनावं आजही आहेत.

पाळी चार तासांची, मग आठ तास सुट्टी, की पुन्हा चार तास. ऐकायला बरं वाटतं. त्या चार तासांत काय व्हायचं ते बघा.

भट्टीचं दार उघडलं की दोन गोष्टी एकदम होतात. आतली धग तोंडावर येते आणि बाहेरची गार हवा आत शिरून जाळ मारते. म्हणून दार जितका कमी वेळ उघडं तितकं चांगलं. आगवाल्याने चार-सहा फावडी झपाझप मारायची, कोळसा सहा फूट लांबच्या जाळीवर पातळ आणि सारखा पसरला पाहिजे, मागच्या कोपऱ्यात खड्डा नको, पुढे ढीग नको. कोळसा नुसता ओतला तर तो धुमसतो, धूर काळा होतो आणि वर पहिल्या वर्गाच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी पडते. मग लांब सळईने जाळ फोडायचा. कोळशातली माती वितळून तिचे खंगर जाळीला चिकटतात, ते उखडून बाहेर ओढायचे. रसरशीत खंगर पायापुढे पडले की त्यांवर पाणी मारायचं, आणि त्या फसफसत्या वाफेत उभं राहून पुढच्या भट्टीचं दार उघडायचं. समुद्र खवळलेला असला तर आणखी एक पथ्य होतं. बोट त्या बाजूला कलत असताना दार उघडायचं नाही, नाहीतर सगळी आग अंगावर. डोलण्याचा ताल धरून, बोट मागे झुकली की दार उघड, फावडं मार, दार लाव.

दिवसाकाठी एकेकाच्या वाट्याला दोन-अडीच टन कोळसा येई. राख बादल्यांनी वर ओढून समुद्रात टाकायची ती वेगळी.

कोयलेवाल्याचं काम मला त्याहून वाईट वाटतं. प्रवासाच्या सुरुवातीला कोळसा भट्टीजवळ असतो, तेव्हा सोपं असतं. जसजशी कोठी रिकामी होते तसतसा कोळसा लांब जातो आणि गाडी ढकलायचं अंतर वाढतं. शिवाय डाव्या-उजव्या कोठ्यांतून सारखा कोळसा काढला नाही तर बोट एका अंगाला कलते, म्हणून कुठून किती उचलायचा तेही बघायचं. अंधार, कोळशाची धूळ, हातात मिणमिणता दिवा. कधीकधी कोठीतला कोळसा आपसूक तापून धुमसू लागे. तो उकरून आधी भट्टीत घालणं हाच त्यावर उपाय.

इंजिनघरात गेलं तर तिथलं चित्र वेगळं. पितळ चकचकीत, तेलाचा वास, दोन मजली उंच दांडे लयीत वरखाली होतायत. तेलवाला हातात तेलाची बुधली घेऊन उभा. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरणाऱ्या त्या दांड्याच्या सांध्यावर तो पोकळ हात नेतो, सांधा खालून वर येतो तेव्हा तळव्याने त्याला नुसता स्पर्श करतो आणि हात मागे घेतो. सांधा गार आहे की तापायला लागलाय, हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता. हात अर्धा सेकंद उशिरा मागे घेतला तर हात गेला. तिथून मागे पंख्यापर्यंत एक लांब बोगदा, त्यात फिरता दांडा. त्या दांड्यावर एक ठोकळा असतो, त्याच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा पाणी पंख्याला पुढे लोटतं. हा लोट दांड्यातून त्या ठोकळ्यावर येतो आणि ठोकळा बोटीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असतो. सहाशे उतारू, टपालाच्या हजारो थैल्या, सगळी ११ हजार टनी बोट पुढे जाते ती दोन दांड्यांवरच्या अशा दोन ठोकळ्यांना बसणाऱ्या धक्क्याने.

जुलैत तांबड्या समुद्रात भट्टीघराचं तापमान ५० अंशांच्या पुढे जाई. हवा खाली नेण्यासाठी डेकवर भोंग्यासारखी तोंडं असत, ती वाऱ्याकडे वळवायची. पण वारा मागून आणि बोटीच्याच वेगाने येत असेल तर बोटीवर पानही हलत नाही. अशा वेळी कप्तानांनी काही काळ बोट उलटी फिरवून वारा घेतल्याचे किस्से आहेत. उष्माघाताने माणसं दगावत. काही आगवाले धगीने भ्रमिष्ट होऊन वर धावत येत आणि कठड्यावरून समुद्रात झोकून देत. या उड्यांची नोंद लॉगबुकात एका ओळीत व्हायची, आणि बोट पुढे जायची.

ही माणसं कोण होती? पी अँड ओची वाटणी जवळजवळ ठरलेली. भट्टीघरात पंजाबी मुसलमान आणि पठाण. डेकवर गुजरातच्या किनाऱ्यावरचे आणि रत्नागिरीच्या खाड्यांकाठचे खलाशी. जेवणघरात, केबिनींत, बटलर म्हणून गोव्याचे ख्रिस्ती, बारदेशातले, सासष्टीतले. (मुंबईची साष्टी आणि गोव्याची सासष्टी, दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून आली असं सांगतात. म्हणजे सासष्टीचा कारभारी साल्सेटवर चहा देत असणार.) गोवेकर बोटीवरून उतरले की मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडी’त राहत. धोबी तलाव, माझगाव भागांतल्या या खोल्या, प्रत्येक गावाची वेगळी. एका भिंतीला देव्हारा, बाकी भिंतींना ओळीने पेट्या. माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी त्याची पेटी तिथेच राही. धोबी तलावच्या जेर महालात अशा कुडी आजही आहेत.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून पाचव्या हिश्श्यापर्यंत. जागेचा हिशेब तर कायद्यातच होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश खलाशाला ७२ घनफूट जागा द्यावी लागे, हिंदी खलाशाला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. घरात सुतार असेल तर त्याला ही मापं सांगून बघा, तो काय बनवायचं आहे ते विचारणार नाही.

हे लोक कष्टाळू, निर्व्यसनी, उष्णता सोसणारे म्हणून घेतले जातात, असं कंपन्या सांगत. उष्णता कोणाच्याही कातडीला सारखीच भाजते. स्वस्त होते, हे खरं कारण.

कोळसा भरायचा दिवस

पोर्ट सईद ते एडन चार-साडेचार दिवस. म्हणजे सहा-सातशे टन कोळसा. तो पोर्ट सईदला भरायचा. आणि तो तिथे आधी वेल्समधून आणून ठेवलेला असे, कार्डिफचा, कारण तो धूर कमी आणि ताव जास्त देई. वाफेच्या बोटींचा हा कोळसा कितीतरी वर्षं शिडाच्या जहाजांनी जगभर पोचवला. त्यांना घाई नव्हती आणि वारा फुकट होता. ज्याला हरवलं त्याच्याच खांद्यावर बसून जायचं, असा प्रकार.

बोटीने नांगर टाकला की दोन्ही अंगांना कोळशाचे पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, लागत. पडावापासून बोटीच्या पोटातल्या दारांपर्यंत उतरत्या फळ्या. एका फळीवरून टोपल्या घेतलेली माणसं वर धावतात, दुसरीवरून रिकामी खाली येतात, मुंग्यांच्या रांगेसारखी, एका सुरात ओरडत. रात्र असेल तर मशाली. धूळ इतकी की त्याआधी खलाशांनी गालिचे गुंडाळलेले, खुर्च्या झाकलेल्या, आणि बोटीतलं प्रत्येक पोर्टहोल घट्ट लावलेलं असे. इजिप्तच्या उन्हाळ्यात बंद पोर्टहोलांची केबिन. म्हणून उतारू किनाऱ्यावर पळत आणि सायमन आर्झच्या दुकानात सोला टोप्या, तुर्की सिगारेटी घेत वेळ काढत. परत येईपर्यंत डेक धुऊन झालेला.

पोर्टहोलाचं काम एरवी हवा घेणं हेच. बोट चालू असताना त्यात पत्र्याचा अर्धगोल पन्हळ अडकवत, तो बाहेर डोकावून जाता जाता वारा पकडून आत वळवी. ‘पॉश’ हा शब्द आपण रोज वापरतो त्याचीही एक कथा या केबिनींशी जोडतात. हिंदुस्थानला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन थंड, म्हणून श्रीमंत लोक तशी तिकिटं काढत आणि त्यावर चार इंग्रजी आद्याक्षरं मारलेली असत, असं सांगतात. कथा छान आहे, पण असं एकही तिकीट कधी कुणाला सापडलेलं नाही.

खणातला माल

टपालाच्या बोटी जड माल घेत नसत. वजनाला कमी, किमतीला भारी: रेशीम, चहा, सोन्याचांदीच्या पेट्या. ऑस्ट्रेलियाकडून येणाऱ्या बोटींच्या शीतखणांत लोणी आणि गोठवलेलं मांस. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून चीनला माळव्याची अफूही याच कंपनीच्या बोटींतून गेली, आणि मोरियाच्या एका भावंड बोटीचं नाव माळवाच होतं. शीतखण नव्हते तेव्हा दुधासाठी गाय, जेवणासाठी मेंढ्या आणि कोंबड्या डेकवरच बांधलेल्या असत. म्हणजे पहाटे कोंबडा आरवून पहिल्या वर्गाला जाग यायची.

बंदरात लागलं की हॅच, म्हणजे खणाचं झाकण, उघडायचं, वाफेवर चालणारे दोर ओढायचे रहाट कुरकुरायला लागायचे, माल उचलणाऱ्या खांबांच्या दोरांना जाळ्या लटकायच्या. खालच्या खणात माल रचणाऱ्यांचं कसब कुणाला दिसत नाही. जे बंदर आधी येणार त्याचा माल वर, जे नंतर त्याचा खाली, जड तळाला, चहाजवळ वास मारणारं काही नको. एसटीच्या टपावर आंब्याच्या पेट्या चढवणाऱ्याला हे गणित नीट कळेल. यात चूक झाली तर एका बंदराचा माल काढायला दुसऱ्या बंदराचा उपसावा लागतो आणि वेळापत्रक गडगडतं.

टपालाची शेवटची करामत एडन ते मुंबई या टप्प्यात होई. हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे कारकून बोटीवरच बसून पत्रं वेगळी करत, ही पुण्याची, ही नागपूरची, ही लाहोरची. जुलै म्हणजे ऐन पावसाळा, अरबी समुद्र उसळलेला, आणि हे लोक एका हाताने फडताळ धरून दुसऱ्या हाताने पत्ता वाचतायत. मुंबईला बोट लागली की थैल्या तयार, सरळ रेल्वेत. पहिल्या महायुद्धापर्यंत ही सोय चालली.

मोठ्या बोटी तेव्हा बंदरात नांगर टाकून उभ्या राहत आणि उतारू लाँचने किनाऱ्याला येत. बोटीतून उतरून थेट आगगाडीत बसायची सोय नंतरची, १९१४ ला अलेक्झांड्रा गोदी आणि मग बलार्ड पिअरचं स्टेशन झाल्यावरची.

या सगळ्या गाड्याला ब्रेक लावला तेलाने. १९२० च्या दशकात मोठ्या बोटी कोळसा सोडून जळाऊ तेल घेऊ लागल्या. तेल नळीतून भरतात, टोपल्यांतून नाही. भट्टीत फवारा सोडायचा आणि एक झडप फिरवून जाळ कमी-जास्त करायचा. राख नाही, खंगर नाही. जिथे शंभर माणसं राबत तिथे थोड्यांत भागू लागलं. भट्टीघरातल्या त्या नरकातून सुटका झाली म्हणावं, तर ज्यांची सुटका झाली त्यांची नोकरीही गेली.

मोरिया १९३० मध्ये जपानला भंगारात निघाली. सावरकर १९०६ साली जिच्यातून विलायतेला गेले ती ‘पर्शिया’ डिसेंबर १९१५ मध्ये क्रीटजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, तीनशेहून जास्त माणसं गेली. साल्सेटलाही जुलै १९१७ मध्ये जर्मन पाणबुडीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापाशी, लाइम उपसागरात बुडवलं. ती अजून तिथेच तळाशी आहे आणि हौशी पाणबुड्ये बुड्या मारून तिला बघून येतात. साष्टी कुठे आहे, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही.